परगावच्या प्रेक्षकावरचा पहारा

रत्नागिरीच्या थिबा पॉइंटवर उभे राहिले की भाट्याची खाडी समुद्राला मिळते ती जागा स्वच्छ दिसते. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली या गावात आणून ठेवले, १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून दिला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजाने इथेच देह ठेवला. तीस वर्षे तो रत्नागिरीत होता, पण तुरुंगात नव्हता. त्याला घर होते, कुटुंब होते, नोकरचाकर होते, सरकारी तनखा होता. नव्हती ती फक्त गाव सोडण्याची मोकळीक. आता २०२२ सालाकडे पाहा. त्या वर्षी कतारमध्ये फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरली. ती सुरू होण्याआधी इंग्लंड आणि वेल्समधल्या तेराशेहून अधिक माणसांना आपले पासपोर्ट पोलिसांच्या स्वाधीन करावे लागले. ही माणसेही तुरुंगात नव्हती. कामावर जात होती, घरी जेवत होती. सामने संपेपर्यंत परदेशी जाण्याची मात्र त्यांना मनाई होती. पदच्युत राजा आणि दंगेखोर प्रेक्षक यांची बरोबरी मला करायची नाही. पण दोघांवर चाललेले हत्यार एकाच घराण्यातले आहे. माणसाला कोठडीत न घालता त्याचा रस्ता तेवढा अडवायचा, असे हे हत्यार. ते कुठून आले, कोणाकोणाच्या हातांतून गेले आणि फुटबॉलच्या मैदानापर्यंत कसे पोचले, याचा मागोवा आपण घेऊ.

सुरुवातीला आपल्याला एकोणीसशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते, इटलीतल्या पाँपेई नावाच्या गावात. इसवी सन ५९ मध्ये तिथल्या रिंगणात शस्त्रधारी मल्लांचे, म्हणजे ग्लॅडिएटरांचे खेळ होते. लिव्हिनियस रेग्युलस हा पूर्वी रोमच्या सिनेटमधून काढलेला गृहस्थ यजमान होता. शेजारच्या न्यूसेरिया गावाहून प्रेक्षक आले होते. टॅसिटस या इतिहासकाराने पुढचा क्रम लिहून ठेवला आहे: आधी शिवीगाळ, मग दगड, मग तलवारी. सामना पाँपेईत असल्यामुळे पाँपेईकरांची सरशी झाली आणि पाहुण्या गावची कितीतरी माणसे मेली किंवा जखमी होऊन परतली. प्रकरण बादशहा नीरोकडून सिनेटकडे गेले. निकाल असा लागला की पाँपेईत अशा खेळांवर दहा वर्षे बंदी, बेकायदा मंडळ्या बरखास्त, आणि यजमान रेग्युलससह दंगल पेटवणाऱ्यांना हद्दपारी. या दंगलीचे एक भित्तिचित्र पाँपेईत सापडले. ते आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मला या निकालाचे फार नवल वाटते. मैदानाला बंदी, मंडळांवर बंदी आणि माणसाला हद्दपारी ही तिन्ही औषधे त्या एका निकालात आहेत, आणि आज युरोपातल्या फुटबॉल संघटना व सरकारे हीच तीन औषधे पाजत असतात. दगड खाणारा प्रेक्षक परगावचा होता, हेही विसरू नये.

त्यानंतरची कित्येक शतके आपण झपाट्याने ओलांडू. १३१४ साली लंडनच्या महापौराने राजा दुसरा एडवर्ड याच्या नावाने शहरात चेंडूच्या खेळाला मनाई केली. त्या काळी खेळणारे आणि पाहणारे वेगळे नव्हते. गावच्या गाव चेंडूमागे धावे, म्हणून मनाई खेळालाच होती. प्रेक्षक ही निराळी जात एकोणिसाव्या शतकात जन्माला आली आणि तिला पाय दिले आगगाडीने. १८८८ साली इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग सुरू झाली. कामगाराला शनिवारी दुपारी सुटी मिळू लागली होती, आणि रेल्वेच्या खास गाड्यांनी एका गावचे प्रेक्षक दुसऱ्या गावच्या मैदानात उतरू लागले. त्याच १८८८ साली आपल्याकडे सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला आणि १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक. गोव्यात तर त्याआधीच, १८८३ साली, शिवोली गावी फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी फुटबॉल आणल्याचे सांगतात. खेळ आला, पण त्याच्याभोवतीचा दंगा काबूत ठेवण्याची विद्या इंग्रज सरकारने आपल्याकडे फुटबॉलच्या मैदानावर कमावली नाही. ती दुसऱ्याच जागी कमावली.

ती जागा म्हणजे रस्ता. १८२७ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र झाले. त्यांतल्या पंचविसाव्या रेग्युलेशनने सरकारला असा अधिकार दिला की खटला न चालवता, राज्याच्या सुरक्षिततेसाठी म्हणून, एखाद्याला अटकेत ठेवता यावे. सत्तर वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात रँडसाहेबाचा वध झाला तेव्हा हेच जुने रेग्युलेशन बाहेर काढून नातू बंधूंना पकडण्यात आले. त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले गेले नाही. शिक्षा घडून गेलेल्या गुन्ह्याची नव्हती, पुढे काय होईल या भीतीची होती. हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी कथा त्याच्याभोवती फिरते. लोकमान्य टिळक मूळ याच रत्नागिरीतले. १९०८ साली त्यांना मंडालेला पाठवले ते खटला चालवून, शिक्षा सुनावून. त्या सहा वर्षांत रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदी होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. एकावर खटला झाला होता, दुसऱ्यावर कधीच नाही.

राजकारणातली ही विद्या रस्त्यावरच्या टोळ्यांपर्यंत कशी उतरली, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत मोहरमच्या दिवसांत मोहल्ल्यामोहल्ल्याच्या टोळ्या निघत. ताबुताच्या मिरवणुकीत या मोहल्ल्याची टोळी त्या मोहल्ल्यात शिरली की हाणामारी ठरलेली. भक्तीपेक्षा मोहल्ल्याची शान मोठी झाली होती. एस. एम. एडवर्ड्स हे १९०९ ते १९१६ मुंबईचे पोलिस आयुक्त होते. १९११ च्या मोहरमात गोळीबारापर्यंत वेळ गेली, आणि पुढच्याच वर्षी एडवर्ड्सनी मिरवणुकीचे नियम असे बदलले की टोळ्यांची ती जुनी चढाओढ जवळजवळ संपुष्टातच आली. पुढे त्यांनी मुंबई पोलिसांचा इतिहासही लिहिला. ज्याला युरोपात फुटबॉलची टोळी म्हणतात तिची सगळी लक्षणे या टोळ्यांत दिसतात: आपली हद्द, आपला रंग, आपला पुढारी, आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरून दाखवण्याची खुमखुमी. इंग्लंडच्या पोलिसांना पन्नाससाठ वर्षांनी जे प्रश्न पडले ते मुंबईच्या पोलिसांनी भेंडीबाजारात आधीच सोडवायला घेतले होते. हा दुवा कोणी फारसा सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम थांबलो.

कायद्याच्या पुस्तकात याच काळात दोन पानांची भर पडली. जिल्ह्यांसाठी १८९० चा मुंबई जिल्हा पोलिस कायदा आणि शहरासाठी १९०२ चा मुंबई शहर पोलिस कायदा. ज्याच्या हालचालींनी लोकांत भीती पसरते अशा माणसाला हद्दीबाहेर घालवण्याची तरतूद त्यांत आली. मराठीने तिला फार नेमका शब्द दिला, तडीपार. तडी म्हणजे काठ; त्या काठापलीकडे. दुसऱ्या बाजूला, माणसाला हद्दीबाहेर न काढता हद्दीच्या आत अडकवण्याचा प्रकारही चालूच होता आणि त्याचे सर्वांत लांबलेले मराठी उदाहरण पुन्हा रत्नागिरीतच घडले. ६ जानेवारी १९२४ रोजी विनायक दामोदर सावरकरांची येरवड्यातून सुटका झाली ती दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर सरकारच्या परवानगीवाचून जायचे नाही, आणि पाच वर्षे राजकारणात भाग घ्यायचा नाही. त्याच वर्षी रत्नागिरीत प्लेग आला तेव्हा काही महिने नाशिकला राहायलाही परवानगी काढावी लागली. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत गेली आणि १० मे १९३७ रोजी संपली. सावरकरांच्या विचारांशी सहमत असो वा नसो, पाचाची तेरा वर्षे कशी होतात हे या प्रकरणात प्रत्येकाने पाहून ठेवावे. गुन्ह्याच्या शिक्षेला शेवटची तारीख असते. भीतीपोटी घातलेल्या बंदीला ती सहजासहजी सापडत नाही.

स्वराज्य आले तेव्हा या हत्याराचे काय करायचे हा प्रश्न पुढे आला. १९५१ साली दोन्ही जुने कायदे एकत्र करून मुंबई पोलिस कायदा झाला, त्यालाच आज महाराष्ट्र पोलिस कायदा म्हणतात. कलम ५५ टोळ्यांसाठी, कलम ५६ धोकादायक व्यक्तीसाठी, कलम ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी. पण जुन्या कायद्याला नव्या राज्यात वेसण घातली गेली. कलम ५८ ने तडीपारीची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे ठेवली, कलम ५९ ने नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिली, कलम ६० ने सरकारकडे अपील दिले. १९५२ साली गुरबचन सिंग आणि १९५६ साली हरी खेमू गवळी या दोन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी घटनेत बसते असे म्हटले. भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, म्हणून ही वेगळी वाट लागते, हा त्यामागचा युक्तिवाद. रत्नागिरीतही निवडणूक आली, शिमगा आला की तडीपारीचे प्रस्ताव निघतात आणि जमावबंदीचे आदेश लागतात. पालखीच्या मानपानावरून दोन वाड्यांत तेढ पडली, तर पहिल्यांदा पोलिस पाटील आणि गावकीचे मानकरी बसतात, न जमल्यास बंदोबस्त येतो. आपल्याकडच्या या पद्धतीत गर्दीच्या आधी माणसे ओळखण्याची सवय आहे, ही मला तिची जमेची बाजू वाटते.

आता आपण पुन्हा मैदानाकडे येऊ. स्वतंत्र भारतात प्रेक्षकांची मोठी दंगल क्रिकेटनेही दाखवली. ७ नोव्हेंबर १९६९ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात वेंकटराघवनला बाद दिले. रेडिओवरच्या समालोचनाने निर्णयाविषयी शंका घेतली आणि स्टँडमध्ये आगी लागल्या, बाटल्या मैदानात आल्या. जानेवारी १९७५ मध्ये नव्याकोऱ्या वानखेडेवर पहिलाच कसोटी सामना होता. क्लाइव्ह लॉइडचे द्विशतक झाले तेव्हा त्याचे अभिनंदन करायला एक तरुण मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारले, आणि ते पाहून प्रेक्षक भडकले, मोडतोड झाली, खेळ थांबला. लॉइड २४२ वर नाबाद राहिला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले तर पोलिसी व्यवस्थेचा सगळा पेच दिसतो. पहिल्यात गर्दी स्वतः पेटली. दुसऱ्यात पाहुण्या खेळाडूचे कौतुक करायला निघालेल्या मुलावरच्या काठीने गर्दी पेटवली. फुटबॉलने याहून भयंकर दिवस पाहिला: १६ ऑगस्ट १९८०, कोलकात्याचे ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, आणि सोळा प्रेक्षकांचा मृत्यू.

युरोपात तेव्हा प्रवासी प्रेक्षकांची भीती टिपेला पोचत होती. १९७४ मध्ये टॉटनहॅमच्या पाठीराख्यांनी रॉटरडॅममध्ये, १९७५ मध्ये लीड्सच्या पाठीराख्यांनी पॅरिसमध्ये दंगा केला. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी शेजारच्या भागावर चाल केली, पळणारी माणसे भिंतीशी चेंगरली, भिंत कोसळली, ३९ जण मेले. त्यांतले बहुतेक इटलीहून आलेले युव्हेंटसचे प्रेक्षक होते. इंग्लिश क्लबांना पाच वर्षे, लिव्हरपूलला सहा वर्षे युरोपबंदी झाली, पाँपेईच्या निकालासारखीच. त्यानंतर १९८६ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या मैदानांची दारे नामचीन दंगेखोरांना बंद केली, आणि १९८९ च्या कायद्याने परदेशातल्या सामन्यांच्या वेळी त्यांना पोलिस ठाण्यात हजेरी लावण्याची अट घातली. १९९० च्या विश्वचषकात इटलीने इंग्लंडचे गटसामने सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहरात ठेवले, म्हणजे प्रेक्षक समुद्राने आपोआप वेढलेले राहावेत. अंदमान आणि रत्नागिरी ज्याला ठाऊक आहे अशा मराठी वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल.

पण याच काळात इंग्लंडने एक धडा अतिशय महाग किमतीला घेतला, आणि तो सांगितल्याशिवाय हा मागोवा पुढे नेणे मला बरोबर वाटत नाही. दंगेखोरांना मैदानात उतरता येऊ नये म्हणून स्टँडपुढे लोखंडी कुंपणे उभारली होती. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर पोलिसांनी दार उघडून गर्दी आधीच भरलेल्या भागात सोडली. पुढे कुंपण होते. बाहेर पडायला जागा नव्हती. ९७ माणसे गेली. पुढची कित्येक वर्षे दोष प्रेक्षकांच्या दारूवर आणि बेशिस्तीवर ढकलला गेला. २०१६ साली ज्यूरीने निर्वाळा दिला की ही माणसे बेकायदेशीररीत्या मारली गेली आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. सत्तावीस वर्षे नातेवाईक झगडत राहिले तेव्हा हे वाक्य अधिकृत कागदावर आले. प्रत्येक प्रेक्षक संशयित मानून बांधलेले कुंपण संकटात सापडलेल्या माणसालाही आत कोंडते, हे तिथे कळले. त्यानंतर कुंपणे निघाली, खुर्च्या आल्या, आणि सरकारचे लक्ष अख्ख्या गर्दीवरून नावानिशी ओळखलेल्या माणसांकडे वळले.

त्या वळणाचा शेवट २००० साली झाला. त्या उन्हाळ्यात युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या वेळी बेल्जियममधल्या शार्लरोआ गावात इंग्लिश पाठीराख्यांनी दंगा केला, शेकडो जणांना परत पाठवण्यात आले, आणि संघच स्पर्धेबाहेर काढण्याची धमकी आली. जुलै महिन्यातच लंडनच्या संसदेने नवा कायदा केला. त्याने न्यायालयाला असा अधिकार दिला की पूर्वी दंग्यात सहभाग असलेल्या माणसावर, शिक्षा झालेली नसली तरी, मैदानबंदीचा हुकूम काढता यावा आणि परदेशातल्या सामन्याच्या काळात त्याचा पासपोर्ट ताब्यात घेता यावा. काही जण न्यायालयात गेले: गुन्हा शाबीत नसताना आमचा प्रवास का रोखता? २००२ साली अपील न्यायालयाने हुकूम वैध ठरवला, पण पुरावा जवळजवळ फौजदारी खटल्याइतका भक्कम असावा अशी अट घातली. मुंबईच्या १९५६ च्या खटल्यातला युक्तिवाद आणि लंडनच्या २००२ च्या खटल्यातला युक्तिवाद शेजारी ठेवून वाचले तर दोन सख्खे भाऊ बोलत आहेत असे वाटते. फरक एकच, आपली तडीपारी माणसाला घरापासून दूर घालवते आणि त्यांची पासपोर्टबंदी त्याला घरी बसवते. थिबाच्या वाट्याला दोन्ही आले होते.

प्रवासी प्रेक्षकाला वागवण्याची दुसरी तऱ्हाही इतिहासात आहे. २००४ च्या वसंतात भारताचा क्रिकेट संघ पाकिस्तानात गेला, तेव्हा हजारो भारतीयांना व्हिसा मिळाला. लाहोरच्या दुकानदारांनी आणि रिक्षावाल्यांनी पाहुण्यांकडून पैसे घेतले नाहीत, हे परतलेल्यांनी वर्षानुवर्षे सांगितले. २०२३ च्या ऑक्टोबरात अहमदाबादला भारत आणि पाकिस्तान खेळले, तेव्हा पाहुण्या संघाचे प्रेक्षक जवळपास नव्हतेच, कारण व्हिसेच मिळाले नव्हते. संशयाची सर्वांत टोकाची पायरी तीच: माणूस कोण हे न पाहता सगळ्यांनाच घरी बसवणे. आमच्या कोकणात गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी कोणत्याही फुटबॉल सामन्याहून मोठी असते. तिच्यासाठी कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते आणि महामार्गावर पोलिस मदतकेंद्रे उघडतात. येणाऱ्या गर्दीला पाहुणा मानले की बंदोबस्ताची रीतच बदलते.

आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर. महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड तिथे आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथे पेठांच्या अभिमानाची नावे आहेत. कुस्तीच्या तालमीतून संघ उभे राहिले म्हणून तालमीची ईर्षाही मैदानात आली. शाहू स्टेडियम भरते, अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत पोचतो, आणि त्याच मैदानात हुल्लडबाजी आणि दगडफेकही होते, सामने थांबतात, बंदोबस्त वाढतो. २०१२ च्या डिसेंबरात कोलकात्यात दगड लागून फुटबॉलपटू रहीम नबी जखमी झाला आणि सामना अर्ध्यावर राहिला, ती वेळ कोल्हापुरात यावी असे कोणालाच वाटत नाही.

म्हणून कोल्हापूरच्या तालमींना आणि पोलिसांना, घाटाखालच्या एका शेजाऱ्याची विनंती आहे. दगड मारणारा मुलगा कोणत्या पेठेचा हे विचारू नका, त्याचे नाव विचारा. त्याला नोटीस द्या, त्याचे म्हणणे ऐका, पुरावा असेल तर एक हंगाम त्याला मैदानाबाहेर ठेवा आणि बंदी उठण्याची तारीख त्याच कागदावर लिहा. आणि त्याच्या पेठेतल्या बाकीच्या पोरांसाठी स्टेडियमचे दार उघडे ठेवा.